देवानंतरची पहिली अक्षत

आमच्या घरात लग्न ठरलं की पहिली अक्षत ग्रामदेवतेपुढे ठेवायची आणि त्यानंतरची पहिली अक्षत सावित्री ओलांडून एका मुसलमान घरी द्यायची, अशी रीत होती. मामा, आत्या, जावई, भावकी, सगळे त्याच्यानंतर. लहानपणी मला यात काहीच वेगळं वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरी असं काहीतरी असणार असं मी धरून चालले होते. पुढे महाडला शिकायला आले, मैत्रिणींच्या घरची लग्नं पाहिली, तेव्हा कळलं की ही रीत फक्त आमचीच.

मी तेव्हा महाडच्या मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. राहायला काकांकडे. काका महाडच्या कोर्टात कारकून होते. माझे वडील, त्यांचे थोरले भाऊ, पोलादपूरजवळच्या आमच्या गावी शेती करायचे. माझ्या भावाचं लग्न वैशाखात ठरलं. बाबांचा पाय नांगराचा फाळ लागून सुजला होता, म्हणून अक्षत द्यायला काका निघाले. बरोबर काकू जायच्या, पण त्यांना ताप होता.

"बाईमाणूस लागतं," काका म्हणाले. "तू चल."

पोलादपूरच्या एसटीने निघालो, मध्येच उतरलो आणि वहाणा हातात घेऊन नदी ओलांडली. वैशाखातली सावित्री त्या ठिकाणी गुडघ्यालाही लागत नव्हती. पलीकडे चढावर ते घर होतं. कौलारू, पुढे सारवलेलं खळं, दारात शेवग्याचं झाड. घरातले दोन तरुण आफ्रिकेला जाणाऱ्या बोटींवर कामाला होते, त्यामुळे ओटीवर एक परदेशी घड्याळ टांगलेलं होतं आणि ते बंद होतं.

घरातली सगळ्यांत मोठी बाई बाहेर आली. तिला सगळा गाव नानी म्हणत असे. तिने आधी हात धुतले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि तोच पदर पुढे पसरून अक्षत घेतली. डोळ्यांना लावली. मग माझ्याकडे पाहून काकांना विचारलं, "ही कुणाची रे?"

"थोरल्या भावाची. महाडला मास्तरीण हाय," काका म्हणाले. गावाकडे आले की त्यांची कोर्टातली भाषा आपोआप गळून पडायची.

नानीने माझी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं. एखादी वस्तू पारखावी तसं निरखलं आणि म्हणाली, "आमचीच पोर."

परत येताना मी काकांना विचारलं, "आमचीच म्हणजे?"

"तसं म्हणतात गं. मायेने."

"पण आपण त्यांना अक्षत का देतो?"

काका जरा विचार करून म्हणाले, "पूर्वी आपलं आणि त्यांचं शेत भागीत होतं. त्यातून घरोबा."

मी घरी बाबांना विचारलं. बाबा पायाला हळदीचा लेप लावत बसले होते. "रीत हाय," म्हणाले.

"पण का?"

"रीतीला 'का' नसतो."

विषय तिथेच संपला असता. पण लग्नात एक गोष्ट घडली. त्या घरची दोन पुरुषमाणसं आली होती. नवरीसाठी लुगडं घेऊन आली होती आणि पडवीत बसली होती. व्याह्यांनी बाबांना सहज विचारलं, "हे पाहुणे कोण?" बाबा बोलून गेले, "नात्यातले." आणि लगेच घाईने म्हणाले, "म्हणजे, ओळखीतले."

मी ताटं घेऊन जवळून जात होते. बाबांचा चेहरा मी पाहिला. खोटं बोलताना सापडलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. आपल्या तोंडून काय गेलं याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलेलं दिसत होतं.

लग्न उरकलं, मी महाडला परतले, तरी तो एक शब्द काही डोक्यातून जाईना. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी फळ्यावर आमच्या घराची वंशावळ काढायला घेतली. इतिहासाच्या धड्यात राजांची काढायचो तशीच. खाली मी आणि भाऊ, वर बाबा आणि काका, त्यांच्यावर आजोबा, त्यांच्यावर पणजोबा. पणजोबांच्या वडिलांपाशी खडू थांबला. नाव ठाऊक नव्हतं. आणि मग लक्षात आलं की मी आतापर्यंत फक्त पुरुषच लिहिले होते. आजीचं सासरचं नाव तेवढं ठाऊक, माहेरचं नाही. पणजीचं कुठलंच नाही.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई दारात आल्या. मी पुसायला धावले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. कुणाचं आहे हे?"

"आमचंच. पण पुढे जात नाही."

त्यांनी फळ्याकडे थोडा वेळ पाहिलं. "म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "त्यांना साल सांगता येत नाही आणि मग ती लाजून गप्प बसतात. तेव्हा पीक कुठलं उभं होतं, नदीला पाणी किती होतं, घरात कोण आजारी होतं, ते विचार. आणि एकाचं ऐकून फळ्यावर लिहू नकोस. दुसऱ्याकडून तेच आलं तर लिही."

एवढ्या शिदोरीवर मी सुरुवात केली.

काकांच्या शेताच्या गोष्टीचा निकाल लवकर लागला. काकांच्याच ओळखीने कचेरीत आमच्या जमिनीचे जुने उतारे पाहायला मिळाले. आमच्या जमिनीत त्या घराचं नाव कुठेच नव्हतं आणि त्यांच्या जमिनीत आमचं नव्हतं. काका चष्मा पुसत म्हणाले, "मग मला कुणी सांगितलं असेल बरं?" ते खरंच आठवत होते. शेवटी कबूल झाले की कुणीच सांगितलं नव्हतं. कोर्टात रोज भागीची भांडणं ऐकून त्यांना घरोब्याचंही दुसरं कारण सुचलं नव्हतं.

दिवाळीच्या सुटीत मी कापड्याला गेले. माझी सर्वांत मोठी आत्या तिथे दिलेली होती. बाबांपेक्षा ती पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, बाबांना तिनेच कडेवर खेळवलेलं. भात झोडून झाला होता, अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली, आणि आत्या उन्हात बसून कुळीथ पाखडत होती. मी शेजारी बसले आणि अक्षतीचं विचारलं.

"होडीमुळं," आत्या सूप न थांबवता म्हणाली. "माझ्या आज्याची आई, म्हंजे तुझ्या पणज्याची आई, रांडावली. वर घाटाकडं पटकी आली होती, त्यात दादला गेला. तान्हं पोर घेऊन खाली उतरली. सावित्रीला पूर. त्या घरच्या माणसांनी होडी घालून दोघांना काढलं. म्हणून अक्षत."

गोष्ट सुंदर होती. मला ती लगेच पटली. माझ्या डोळ्यांसमोर पूर आला, होडी आली, पोराला उराशी धरलेली बाई आली. मग मुख्याध्यापिकाबाईंचं सांगणं आठवलं आणि मी विचारलं, "पणजोबा तेव्हा केवढे होते?"

"महिन्याचं. शिमग्यात जन्मलं पोर. होळीच्या दिवशी, म्हणून तर सगळे त्याला चिडवायचे."

"म्हणजे चैत्रात आली ती."

"चैत्रातच."

"आत्या, चैत्रात सावित्रीला पूर?"

सूप थांबलं. मी पुढे म्हणाले, "मी वैशाखात चालत गेले तिथून. गुडघाभर पाणी नव्हतं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि कुळथातला खडा उचलून लांब फेकला. "मास्तरीण झालीस म्हनून माझी उलटतपासणी घेतेस काय गो? तेव्हा पाऊस लवकर पडायचा."

त्या दिवशी ती मला एक शब्द जास्त बोलली नाही. पण रात्री जेवताना माझ्या पानात तिने दोनदा तूप वाढलं. ती रागावली नव्हती. तिला काहीतरी लपवायचं होतं आणि माझ्यापासून लपवताना वाईट वाटत होतं, असं मला वाटलं.

महाडला परतताना मी वाटेत उतरले. नदीला अजून पाणी होतं, होडीने पलीकडे गेले. एकटीनं त्या घरी जाण्याची ही पहिलीच वेळ. काय सांगून आत शिरायचं हे मी ठरवलं नव्हतं. नानी शेवग्याखाली मिरच्या वाळत घालत होती. मला पाहून ती घाबरलीच.

"काय झालं? घरी सगळी बरी हायत ना?"

"सगळी बरी आहेत, नानी. मी एक विचारायला आले. आमच्या घरची अक्षत तुमच्याकडे का येते?"

नानी माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तुमाला ठाव नाय?"

"नाही."

"कुनालाच?"

"बाबा म्हणतात रीत. काका म्हणतात शेत. आत्या म्हणते होडी."

होडीचं ऐकून ती हसली. तोंडात दात थोडेच उरले होते, पण हसणं मोठं होतं. "आमच्या घरात होडी कवा होती? आम्ही भातवाले." मग मिरच्यांचे हात पुसून ती नीट मांडी घालून बसली आणि मलाही बसवलं.

ती सांगू लागली. ही गोष्ट तिला तिच्या आजीने सांगितली होती, आणि गोष्टीत जे घडलं ते स्वतः आजीच्याच बाबतीत घडलं होतं. नानीचं लग्न घरातल्या घरात, चुलतभावाशी झालेलं. त्यामुळे ती जन्मापासून त्याच घरात होती, आणि आजी मरेपर्यंत तिच्याजवळच झोपायची.

"चैताचं ऊन. आजी खळ्यावर होती. तिची पोरगी तान्ही, पाळण्यात. नदीकडून एक बाई वर आली आन् हितं, ह्या खळ्याच्या कडंला पडली. अंगात ताप. कमरेला पोर बांधलेलं. पोर रडत पन नव्हतं, तेवढीबी ताकद नव्हती त्याला. बाईला दूध नव्हतं. आटलं होतं. आजीनं पोराला उचललं आन् लावलं छातीला. इचारलं नाय कुनाला."

नानी पुढे सांगत होती.

"मंग बाई शुद्धीवर आली. बघते तर पोर आजीच्या पदराखाली. रडली लई. आजीला वाटलं पोर जगलं म्हनून रडते. ती म्हनाली, बाय, आता ह्याची जात गेली. आजी म्हनाली, जीव गेला असता तो? तवा गप्प बसली."

"मग किती दिवस राहिली?"

"पाऊस पडेस्तोवर. गोठ्याच्या बाजूला तिला जागा दिली. आपली चूल वेगळी मांडली तिनं. आपलं पानी आपन आनायची, आपलं आपन शिजवून खायची. आमच्या घरचा दाना शिजवलेला घेतला नाय कवा. पन पोर दिसातून चारदा आजीकडं आनून द्यायची. हातात द्यायची, आन् तोंड फिरवून उभी राहायची."

हे सांगताना नानीने स्वतःच तोंड फिरवून दाखवलं. ती दोन बायकांमधली एक आणि मी दुसरी, असं क्षणभर वाटलं.

"आमच्यात दुधाचं नातं रक्ताचं धरतात," नानी म्हणाली. "एका आईचं दूध प्याली ती भावंडं. तुझा पनजा आन् माझी आत्या, दूधभावंडं. जाताना ती बाई आजीला बोलली, माझ्याकडं सोनं नाय, नानं नाय. पन माझ्या घरात लगीन निघंल तवा देवानंतर पैली अक्षत तुझ्या दारात येईल. तवापासनं येते."

मी विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

नानीने आठवून पाहिलं. "आजी तिला बायच म्हनायची," ती अखेर म्हणाली. "नाव घेतलंच नाय कवा."

मी उठताना तिने आणखी एक सांगितलं. पणजोबा मोठे झाल्यावर दर भाऊबीजेला या घरी येत. नानी तेव्हा लहान होती. पणजोबा ओटीवर बसत, तीही घरातल्या घरातच दिलेली नानीची आत्या आतून येई, दोघं फारसं बोलत नसत. ते तिला खण देत, ती त्यांना नारळ देई आणि ते उठून जात.

ही गोष्ट मी तशीच फळ्यावर लिहू शकले असते. पण मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं होतं, दुसऱ्या तोंडातून आलं तर लिही. नाताळच्या सुटीत मी पुन्हा कापड्याला गेले. या वेळी मी दुधाचं नाव काढलं नाही. आत्याबरोबर तांदूळ निवडत बसले आणि सहज विचारलं, "आत्या, पणजोबांना तू पाहिलं होतंस?"

"पाहिलं म्हंजे? मी त्याच्या मांडीवर वाढले."

"दिवाळीला काय करायचे ते?"

"काय करनार? नरकचतुर्दशीला आम्हाला उठवायचा. पाडव्याला बैल. भाऊबीजेला मात्र घरात नसायचा कधी. त्याला सख्खी बहीन नव्हती ना. सकाळीच जायचा. सांजच्याला नारळ घेऊन यायचा. आई त्या नारळाच्या वड्या..."

आत्या बोलता बोलता थांबली. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तिला काय ते कळलं.

"गेली होतीस तू तिकडं," ती म्हणाली.

"हो."

तिने ताट बाजूला सारलं. उठली, दार ओढून घेतलं, खरं तर घरात आम्ही दोघीच होतो. मग हलक्या आवाजात म्हणाली, "होडी मीच घातली त्या गोष्टीत. मला माझ्या आजीनं खरं सांगितलं होतं आन् बजावलं होतं, लेकीला सांग, सासरी सांगू नको. माझ्या लग्नात सासरच्यांनी इचारलं, ह्यांना अक्षत का. काय सांगू? मुसलमानिणीचं दूध पिऊन आमचा वंश वाढला, असं सांगितलं असतं तर मांडवातून परत गेली असती ती. मंग मी होडी केली. पूर बी मीच आनला." आणि इथे तिला हसू आलं. "चैत्राचं तेवढं ध्यानात राह्यलं नाय बघ."

आम्ही दोघी हसत सुटलो. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "माझ्या पोरी नाय," ती म्हणाली. "तीन पोरगे. कुनाला सांगायचं होतं मी?"

बाबांना सांगणं सर्वांत अवघड होतं. शिमग्याला घरी गेले तेव्हा सांगितलं. बाबा गोठ्यात होते. नुकत्याच व्यालेल्या म्हशीला आंबोण घालत होते. मी सगळं सांगितलं तरी त्यांचा हात थांबला नाही. सांगून झाल्यावर म्हणाले, "भावकीत बोलू नको." एवढंच. मला वाटलं, इथे बहुतेक दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी मी महाडला निघाले. बाबा मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. पाय अजून थोडा ओढत चालत होते. गाडी लांबून येताना दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, "तिची सोताची पोर जगली का?"

"कुणाची?"

"त्या म्हातारीची. माझ्या आज्याला जिनं पाजलं तिची. दोन वासरं एका गाईला लावली की एक मागं पडतं. आपलं जगलं. त्यांचं?"

मी इतके महिने या गोष्टीच्या मागे होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पण उत्तर माझ्याकडे होतं. "जगली, बाबा. तिच्याकडेच तर पणजोबा भाऊबीजेला जायचे."

बाबांनी मान हलवली. म्हणाले, "मग बरं." आणि माझी पिशवी गाडीत चढवली.

पुढल्या वर्षी माझं लग्न ठरलं, पाचाडच्या घरात. अक्षत द्यायला काका तयार झाले, तर बाबा म्हणाले, "मी जातो." सकाळी बैलगाडी घेऊन गेले. जेवणवेळ टळली तरी परतले नाहीत. आईने दोनदा दारात जाऊन पाहिलं आणि पानं झाकून ठेवली. संध्याकाळी गाडी दारात आली तेव्हा बाबांच्या मागे घोंगडीवर नानी बसलेली. लग्नाला अजून चार दिवस होते. आजवर त्या घरचे पुरुष तेवढे यायचे आणि लग्न लागलं की जायचे. नानी राहायला आली होती.

बायकांत कुजबुज झाली. एका चुलत काकूने पाण्याचा हंडा उचलून आत नेला. आईला काय करावं सुचेना, ती नुसती पदराशी चाळा करत उभी. तेवढ्यात कापड्याची आत्या माजघरातून बाहेर आली. दोघी म्हाताऱ्या आयुष्यात एकमेकींना पहिल्यांदाच पाहत होत्या.

"तू कापड्याची ना?" नानीने विचारलं.

"व्हय. ये, हितं बस. हितं वारा लागतो."

मग त्या दोघी जे बसल्या ते उठायलाच तयार नव्हत्या. माझ्या हळदीत माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्या बायका त्या दोघींचं ऐकत होत्या. त्या भांडत होत्या. गोठा घराच्या डाव्या अंगाला होता की उजव्या, ती बाई पहिल्या पावसात गेली की नागपंचमी करून गेली, पोराला खोकला झाला होता तेव्हा अडुळसा दिला की तुळस. आत्याला जे आजीकडून कळलं होतं ते नानीला ठाऊक नव्हतं आणि नानीचं आत्याला. भावकीत बोलू नको म्हणणारे बाबा ओटीवर बसून सगळं ऐकत होते आणि मध्येच ओरडून विचारत होते, "काय म्हनाली ती? जोरात बोला की!"

भावकीत पुढे चार तोंडांनी चार गोष्टी बोलल्या गेल्या. एका घराने काही वर्षं आमच्याकडचं जेवण टाकलं. मग त्यांच्याही मुलीचं लग्न निघालं आणि अक्षत कुठे द्यायची हे विचारायला ते बाबांकडेच आले.

त्या बाईचं नाव मला आजतागायत सापडलेलं नाही. ती घाटाकडच्या कुठल्या गावाहून उतरली तेही नाही. दोन गावं पालथी घातली, एका देवळातल्या गुरवाला भेटले, काही हाती लागलं नाही. पाटी कोरी आहे हेही एक कळणंच असतं, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मी हिरमुसले होते.

लग्नानंतर पाचाडला पहिल्याच पावसाळ्यात, बाहेर लावणीची माणसं जेवून गेली होती आणि मी सासूबाईंबरोबर भांडी घासत होते. त्या फार कमी बोलत. घरातले सगळे त्यांना घाबरत, मीही. तरी मी विचारलं, "तुमचं माहेर कुठलं, आई?"

त्यांनी गाव सांगितलं.

"आणि तुमच्या आईचं?"

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. राखेचे हात तसेच. "कशाला हवंय तुला?" त्यांनी विचारलं. पण आवाजात राग नव्हता. त्यांनी भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "माझ्या आईला पोहता यायचं, ठाऊक आहे का तुला?"